गंज घरी येतो

वऱ्हाडात थंडी पडली की रोडग्यांचे बेत ठरतात. आमचाही ठरला. आम्ही चार मित्र अकोल्याचे, तीन अमरावतीहून आलेले. पातूर रस्त्यावर एकाचं शेत. गोवऱ्या, वांगी, जाडसर दळलेली कणीक, तुपाचा डबा. सगळं पुरुषांनी नेलं, पुरुषांनीच रांधलं. आमच्याकडे याचं कोणाला नवल वाटत नाही. मारुतीच्या नवसाचे रोडगे असोत की बहिरमच्या यात्रेतली हंडी, उघड्यावरची चूल पुरुषांकडेच असते.

रोडगे झालेही झकास. गोवऱ्यांचे निखारे पसरून त्यात उंडे पुरले. घड्याळ कोणी पाहत नव्हतं. एकानं बोटानं एक रोडगा दाबला आणि म्हणाला, "अजून कच्चा हाये." पाच मिनिटांनी तोच म्हणाला, "झाले, काढा." पोत्यात घालून हलवले, राख झडली. फोडला की वाफ, वर तुपाची धार, बाजूला वांग्याच्या भाजीची लाल तर्री. लिंबाखाली पंगत बसली. पोट भरलं म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पडला. मित्रांसोबतचं असं जेवण वर्षभर पुरतं. त्यातला आनंद खरा आहे, तो मला कमी करायचा नाही.

मला बोलायचं आहे ते गंजाबद्दल, म्हणजे स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्याबद्दल. ज्यात वांग्याची भाजी झाली तो गंज बाहेरून काळाकुट्ट झाला होता, आत मसाला करपून चिकटला होता. निघताना कोणीतरी विचारलं, याचं काय करायचं? "तसाच ठेव डिक्कीत, घरी गेल्यावर पाहू." हे बोलणारा मी होतो.

दहा पावलांवर बोअरचं पाणी वाहत होतं. चुलीत ढीगभर राख होती. गंज घासायला राखेहून चांगलं काही नाही, हे वऱ्हाडातल्या कोणाला सांगावं लागत नाही. हात सात जणांचे, तेही मोकळे. तरी गंज तसाच डिक्कीत गेला. "पाहू" म्हणताना पाहणार कोण, हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

घरी बायकोनं गंज उलटा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "बुडाला माती नाही लावली?"

चुलीवर चढवण्याआधी भांड्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला की काजळी मातीवर बसते, पाण्यानं धुऊन जाते. माझी आई हे रोज करायची. रोडगा बोटानं ओळखणाऱ्या आम्हा सातांपैकी एकालाही ते आठवलं नाही. आठवणार कसं? ज्याला घासायचं असतं, त्यालाच माती लावायची सुचते.

रोडग्यांच्या दिवशी घरच्या बायांना सुट्टी असते, असं आम्ही अभिमानानं सांगतो. ही सुट्टी नीट पाहावी. भाजीचं वाटण सकाळी घरूनच डब्यात आलं होतं. संध्याकाळी गंज घरी गेला. मधल्या चार तासांचा स्वयंपाक, ज्यात चव आहे, गप्पा आहेत, वाहवा आहे, तो आम्ही केला. रोजच्या घरकामाचा हिशेब वेगळा आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या पुरुषांचा त्यातला रोजचा सरासरी वेळ ९७ मिनिटं निघाला होता. २०२४ मध्ये तो ८८ वर आला. बायकांचा २८९ मिनिटं. यात घरकामाला हात लावणाऱ्यांचाच हिशेब आहे. हातच न लावणारे पुरुष त्या ८८ मध्ये धरलेले नाहीत.

पन्नास माणसांचा स्वयंपाक उघड्यावर सहज उरकणारे पुरुष वऱ्हाडात गावोगाव आहेत. त्यांना रांधता येत नाही, असं कोणी म्हणू नये. हात तयार आहे. तो घराच्या उंबऱ्यावर थांबतो, आणि थांबला हे त्याचं त्यालाही कळत नाही. मला पन्नाशीत कळलं, तेही बायकोच्या एका प्रश्नानं.

येत्या रविवारी पुन्हा बेत आहे, अकोटकडे. सामानाची यादी माझ्याकडे आहे. गोवऱ्या, वांगी, कणीक, तूप लिहून झालं. त्याखाली नारळाची शेंडी लिहिली आहे.