मांजराकाठचा वेस्टर्न

जेक पॅल्ट्रो या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘यंग वन्स’ हा २०१४ सालचा वेस्टर्न वळणाचा सिनेमा भविष्यात घडतो. पाऊस तुटलाय, जमीन करपलीय, लोक गाव सोडून गेलेत. अर्नेस्ट होम मात्र मुलगा जेरोम आणि मुलगी मेरी यांना घेऊन रान धरून बसलाय. पाणी आलं तर ही माती पिकेल, यावर त्याचा विश्वास आहे. मेरीशी सूत जमलेल्या फ्लेमचा डोळा त्याच जमिनीवर आहे. पुढे रक्त सांडतं आणि हिशेब पोरगा चुकता करतो. मायकेल शॅननने हा बाप असा उभा केलाय की औसा, अहमदपूर, कंधारकडच्या माणसाला तो ओळखीचा वाटावा. उजाड रानाकडे बघत ‘औंदा होईल’ म्हणणारे बाप आपण घरोघरी पाहिलेत.

पण ज्याला तो सिनेमा भविष्य म्हणतो, ते लातुरात २०१६ सालीच येऊन गेलं. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती जमावबंदी लागली, कलम १४४. दंगलीसाठीचं कलम पाण्यासाठी लावावं लागलं. मग कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाफेने धुतलेल्या वाघिणी मिरजेला आल्या आणि १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी यायला लागलं. वेस्टर्न सिनेमात रेल्वे आली की गावाचं नशीब पालटतं. इथे ती आली तेव्हा चार लाखांच्या घरातलं शहर घागर घेऊन उभं होतं.

टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी ती गाडी पुष्कळ दाखवली, घरात ते फारसे शिरले नाहीत. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून बाईने रात्रभर एक कान गल्लीकडे ठेवून झोपायचं. टिपाड भरलं की त्यावर झाकण, झाकणावर दगड. अंघोळ परातीत बसून करायची, म्हणजे ते पाणी धुण्याला येतं आणि धुण्याचं संडासला. पाहुणा आला की आधी मनात पाण्याचा हिशेब. पोरीच्या शाळेपेक्षा हापशावरचा नंबर महत्त्वाचा ठरतो. कुटुंब तगवणं म्हणतात ते हे आणि ते बहुतेक बायकांच्या अंगावर पडतं. ‘यंग वन्स’ची तिन्ही प्रकरणं मात्र तीन पुरुषांच्या नावाची आहेत. मेरीच्या वाट्याला एकही नाही. मला त्या सिनेमातली ही सगळ्यात मोठी उणीव वाटते.

म्हणूनच आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ हा मराठी सिनेमा मला जवळचा वाटतो. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचे हनुमंत केंद्रे यांची ही खरी गोष्ट. गावात पाणी नाही म्हणून लग्न अडतं आणि तो गडी गावात पाणी आणायचं मनावर घेतो. पाण्याची टंचाई सोयरिकीत कशी घुसते, हे मराठवाड्याबाहेरच्या लेखकाला सुचणं अवघड आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण विभागात हा सिनेमा सर्वोत्कृष्ट ठरला, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. थेटरात यायला मात्र १८ ऑक्टोबर २०२४ उजाडलं. या सिनेमात बंदूक नाही. टिकाव, फावडं आणि न ऐकणारं गाव आहे. पाणलोटाचं काम एकट्याने होत नाही. वरच्या शेतकऱ्याने बांध घालू दिला तरच खालच्याच्या विहिरीला पाणी लागतं. वेस्टर्नमधल्या एकट्या घोडेस्वाराची गोष्ट म्हणूनच आपल्याकडे लागू पडत नाही. खलनायकही एकटा सापडत नाही. मांजरा खोऱ्यातला ऊस आणि आठशे-हजार फुटांवर गेलेले बोअर कोणा एका फ्लेमचे नाहीत, त्यात आपले मामा-काकाही आहेत.

आणि खरा सरहद्दीचा सिनेमा हवा असेल तर धर्माबाद तालुक्यात बाभळीला जा. गोदावरीवर आपला बंधारा, खाली तेलंगणाचं पोचमपाड धरण. २०१० साली बंधारा बघायला निघालेले आंध्र प्रदेशाचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू यांना महाराष्ट्र पोलिसांनी अटक केली. २८ फेब्रुवारी २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर बाभळीचे दरवाजे वर उचललेले असतात. म्हणजे गोदावरीला पाणी असतं ते चार महिने अडवायचं नाही. शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. दरवाजे उघडतात त्या दिवशी काठावर उभ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून पाणी निघून जातं. कोर्टाने दोन्ही राज्यांचं ऐकून निकाल दिलाय, तो पाळायलाच हवा. पण त्या शेतकऱ्याच्या घरात त्या रात्री काय बोलणं होतं, हे अजून पडद्यावर आलेलं नाही.

नांदेड-लातूरची पोरं आज मोबाईलवर उत्तम शॉर्टफिल्म करतात. त्यांना माझं सांगणं आहे, येत्या १ जुलैला कॅमेरा घेऊन बाभळीला जा आणि दरवाज्यांचं शूटिंग झालं की काठावरच्या एखाद्या घरी मुक्काम करा.