देव सोडले, नेते धरले

१४ एप्रिलला वस्तीत फ्लेक्स लागतात. बाबासाहेब कोपऱ्यात आणि गल्लीतले भाऊ-दादा मधोमध! राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. बुद्धानेही कालामांना सांगितलं, केवळ गुरू म्हणतो म्हणून मानू नका. आणि आपण? १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे गटावर गट पाडले. प्रत्येक गटाला एक साहेब. त्यांना प्रश्न विचारला की तुम्ही समाजद्रोही! १९५६ ला २२ प्रतिज्ञा घेऊन देव सोडले, ते त्यांच्या जागी नेते बसवायला नव्हे. म्हणून पुढच्या जयंतीला वर्गणी मागायला आले, की आधी मागचा हिशोब विचारा. जय भीम!