मॅट्रिक्स पोचला, गणिताचे काय?

सेजमध्ये 1 ते 9 हे आकडे तीन ओळींत मांडा आणि निश्चयक विचारा. उत्तर चोख शून्य. हाच मॅट्रिक्स नमपायला द्या. आकडा एकही बदललेला नसतो, तरी निश्चयक बहुधा शून्य न येता दहाच्या उणे सोळाव्या घाताच्या घरातला येतो. मग व्यस्त मागितला, तर अवाढव्य आकड्यांचा तोही हजर; तक्रार नाही, इशारा नाही. कारण साधे आहे. नमपाय आतून द्विमान पद्धतीच्या फ्लोट संख्यांत काम करते, पहिली पायरी म्हणून 7 ने भागते, आणि एक सप्तमांश द्विमान पद्धतीत कधी संपत नाही. तिथेच कण सांडतो.

रूपांतर म्हणजे नुसती ने-आण, हा आपल्याकडचा समज म्हणूनच घातक वाटतो. सेजमधला एक तृतीयांश हा एक तृतीयांशच असतो. फ्लोट64 मध्ये त्याच्या वाट्याला 53 बिट येतात. 9007199254740993 ही पूर्णांक संख्या फ्लोटमध्ये घाला, शेवटचा 3 गुपचूप 2 होतो. ऑब्जेक्ट प्रकार निवडला तर अचूकता टिकते खरी, पण नमपायचा वेग जातो आणि निश्चयक, व्यस्त काढणारी त्याची तयार फंक्शन्स तो प्रकार घेतच नाहीत.

मॅटलॅबकडून येणाऱ्यांचे दुखणे वेगळे. तिथे साठवण स्तंभागणिक, नमपायमध्ये एरवी ओळीगणिक. जुन्या मॅट फाइली सायपायचे लोडमॅट नीट उघडते. 7.3 आवृत्तीची फाइल मात्र एचडीएफ5 असते. ती एच5पाय ने वाचली की ओळी-स्तंभांची अदलाबदल होते. मॅट्रिक्स आयताकृती असेल तर पुढच्या गुणाकारात चूक ओरडून सांगते. चौरस असेल तर सगळे सुरळीत चालते आणि उत्तर चुकते. सममित मॅट्रिक्सवर चाचणी घेणाऱ्याला तर ही चूक कधीच दिसणार नाही. (आणि चाचणीला एकक मॅट्रिक्स घेण्याची खोड आपल्यापैकी किती जणांना आहे!)

दोष सॉफ्टवेअरचा नाही. यातले बहुतेक त्यांच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेले आहे. आपण ते वाचत नाही आणि लेखात ‘मॅट्रिक्स पायथनमध्ये घेतला’ एवढ्यावर भागवतो. आमच्या लेखकांना विनंती: यापुढे रूपांतर केले असेल तिथे संख्येचा प्रकार आणि फाइलची आवृत्ती नोंदवा, आणि सगळ्या नोंदी वेगवेगळ्या असलेल्या 2×3 मॅट्रिक्सवर घेतलेली चाचणी लेखासोबत पाठवा.