हा दगड कोणत्या गटात? वर्गीकरण शिकवताना आपलं काय चुकतं



परिसर अभ्यासात वर्गीकरण आलं की आपण सगळे साधारण एकच करतो. फळ्यावर दोन रकाने आखायचे, सजीव-निर्जीव नाहीतर मऊ-कठीण, आणि मुलांकडून ते भरून घ्यायचे. मीही इतकी वर्षं तेच करत आले. यंदा मात्र चौथीच्या वर्गात एका तासाला माझं मलाच कळलं, की मी वर्गीकरण शिकवतच नव्हते, रकाने पाठ करून घेत होते. त्यातून जे मत तयार झालं ते तुमच्यापुढे मांडते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर माझ्याशी भांडा.

तिसरा ढीग

माझ्या वर्गातली बरीच मुलं वरळीच्या बीडीडी चाळीतली. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. एकट्या वरळीत १२१ इमारती आणि १६० चौरस फुटांच्या खोल्या. आता पुनर्विकास चालू आहे. काही घरं टॉवरमध्ये गेली, काही अजून चाळीत आहेत, काही तात्पुरती दुसरीकडे राहतात. मुलांना म्हटलं, आपल्या परिसरातून पाच-पाच दगड आणा आणि गट पाडा. त्यांनी काय काय आणलं! काळी खडी, विटेचे तुकडे, लादीचे कपचे, समुद्रावरची गारगोटी, एकाने तर आजीच्या मोडक्या पाट्याचा टवका.

एका मुलीने तीन ढीग केले होते. पहिला काळ्या दगडांचा, दुसरा लाल तुकड्यांचा. तिसऱ्यात एकच खडा होता, पांढरट, किंचित गुलाबी झाक असलेला. मी विचारलं, "आणि हा गं?"

ती म्हणाली, "बाई, हा अपात्र."

वर्गात कोणी हसलं नाही. पुनर्विकासात ज्यांच्या घरी कागदपत्रांची फेरी चालू आहे, त्या घरातल्या मुलांना पात्र-अपात्र हे शब्द पाढ्यांसारखे तोंडपाठ असतात. तिच्या घरी खोली आजोबांच्या नावावर, पुढची कागदं अपुरी, हे मला माहीत होतं. पण दगडाच्या ढिगातून ते असं समोर येईल, असं वाटलं नव्हतं. त्याहून जास्त मला लागलं ते हे, की तिला तो शब्द वापरायची सवय माझ्याच रकान्यांनी लावली होती. माझ्या फळ्यावर तिसरा रकाना कधी नव्हताच. जे कुठेच बसत नाही ते चूक, एवढंच मी शिकवलं होतं.

एका दुर्मीळ दगडाची गोष्ट

मग मी खनिजांचं वर्गीकरण कसं करतात ते वाचायला घेतलं. डीएडला हे काही आम्हाला नव्हतं. वाचता वाचता एक खनिज सापडलं आणि त्याने मला बांधूनच ठेवलं. ते आपल्याच बाजूचं आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा असा जो मँगनीजचा पट्टा आहे, त्यात छिंदवाड्याकडचं सीतापार नावाचं ठिकाण. हा सगळा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी लुईस ली फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवर १९०९ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर लगेच, १९१० च्या सुमारास, सीतापारच्या मँगनीजच्या खाणीतल्या एका पांढरट खनिजाचा अभ्यास स्मिथ आणि प्रायर या दोन खनिजतज्ज्ञांनी केला आणि फर्मोर यांच्यावरून त्याला 'फर्मोराइट' नाव दिलं.

त्याचे गुणधर्म बघा. रंग पांढरा ते फिकट गुलाबी. कठिनता ५, म्हणजे चाकूने जरा जोर लावला तर ओरखडा उठेल. विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.५, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा हाताला चांगलाच जड. रासायनिक संघटन पाहिलं तर मुख्य कॅल्शियम, थोडं स्ट्रॉन्शियम, आणि त्यांच्यासोबत आर्सेनेट आणि फॉस्फेट दोन्ही.

आर्सेनिक म्हटलं की आपण दचकतो. पण मराठीला ते नवं नाही. सोमल, हरताळ आणि मनशीळ ही त्याचीच घराणी. हरताळ पिवळी, मनशीळ तांबडी, आणि दोन्हींत आर्सेनिकच्या जोडीला गंधक. जुन्या पोथ्यांत चूक झाली की लेखनिक त्यावर हरताळ फासायचे, त्यावरूनच आपला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला. फर्मोराइटमध्ये मात्र आर्सेनिकच्या जोडीला गंधक नाही, ऑक्सिजन आहे. एका आर्सेनिकभोवती चार ऑक्सिजन. त्याला आर्सेनेट म्हणतात.

इथेच वर्गीकरणाची खरी मजा आहे. आर्सेनिक दोन्हींत, तरी हरताळ एका वर्गात आणि फर्मोराइट दुसऱ्याच वर्गात. खनिजांचे मोठे वर्ग पाडताना रंग बघत नाहीत, आणि त्यात कोणता धातू आहे यावरूनही सुरुवात करत नाहीत. ऑक्सिजन किंवा गंधकासारख्या घटकांचा कोणता गट त्यात आहे, हे आधी बघतात. सल्फाइड, ऑक्साइड, कार्बोनेट, सिलिकेट असे ते वर्ग. त्यातल्या एका वर्गात फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट एकत्र बसतात. तिघांना एकत्र का? कारण फॉस्फरस, आर्सेनिक आणि व्हॅनेडियम हे तिघंही चार ऑक्सिजन घेऊन एकाच आकाराची रचना करतात. स्फटिकात एकाची जागा दुसरा घेऊ शकतो. फर्मोराइटमध्ये फॉस्फेट आणि आर्सेनेट शेजारी शेजारी राहतात ते यामुळेच.

आणि पालकहो, ही जागा बदलण्याची गोष्ट तुमच्या आमच्या शरीरापर्यंत येते. आपल्या दाताचा आणि हाडाचा कठीण भाग ज्या खनिजाचा असतो, ते ॲपेटाइट गटातलं कॅल्शियमचं फॉस्फेट. फर्मोराइटही त्याच गटातलं. म्हणजे सीतापारचा तो खडा आपल्या दाताचा चुलतभाऊ! पण शरीरात गेलेलं आर्सेनेट विषारी ठरतं, त्याचं एक कारणही हेच नातं आहे. पेशी त्याला फॉस्फेट समजून आत घेतात आणि फसतात. गंमत म्हणजे 'ॲपेटाइट' हा शब्दही फसवणूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, कारण हे खनिज दिसायला भलत्याच खनिजांसारखं दिसायचं आणि जाणकारही चुकायचे. रंगावर विसंबू नका, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

नाव गेलं, दगड राहिला

आता गोष्टीचा शेवट. फर्मोराइट हे नाव आज अधिकृत यादीत नाही. १९८० साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या खनिजातून 'जॉनबॉमाइट' नावाचं आर्सेनेट नोंदलं गेलं. २०१० साली ॲपेटाइट गटाच्या नावांचे नियम नव्याने ठरले. स्फटिकातल्या प्रत्येक जागी जो घटक जास्त, त्यावरून खनिज ओळखायचं. त्या नियमाने फर्मोराइट आणि जॉनबॉमाइट एकच निघाले, फरक फक्त स्फटिकाच्या ठेवणीत. म्हणून आपल्या सीतापारच्या खनिजाला आता 'जॉनबॉमाइट-एम' म्हणतात. सत्तर वर्षं आधी सापडूनही नाव गेलं. फर्मोर यांनी गावाच्याच नावावरून आणखी एका खनिजाला 'सीतापाराइट' म्हटलं होतं. तेही पुढे आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं.

मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, यात वाईट काय? त्या खड्याची कठिनता तीच राहिली, वजन तेच राहिलं. लोकांनी नीट मोजलं, जुनी समजूत तपासली आणि पाटी बदलली. आपल्या वरळीचंही असंच आहे. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्याला 'राना' म्हणजे नेहमीच्या बेडकांच्या गटात घातलं. पुढे १९३० मध्ये तो वेगळा आहे म्हणून त्याला 'इंडोबॅट्राकस' हे नवं गटनाव मिळालं. बेडूक काही हलला नाही, कोट्यवधी वर्षं होता तिथेच होता. माणसांनी रकाना बदलला.

माझं म्हणणं

माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगते.

एक. गट पाडायच्या आधी मुलाला "कशावरून?" हे विचारा. आधार न सांगता पाडलेले गट म्हणजे पाठांतर. तेच पाच दगड रंगावरून एका तऱ्हेने लागतील, कठीणपणावरून दुसऱ्या. दोन्ही बरोबर असू शकतात.

दोन. फळ्यावर तिसरा रकाना ठेवाच. त्याचं नाव 'अजून तपासायचं आहे'. त्यात पडलेल्या वस्तूला चूक म्हणायचं नाही. आज जगात सहा हजारांहून जास्त खनिजं नोंदलेली आहेत. त्यातलं प्रत्येक कधी ना कधी त्या तिसऱ्या रकान्यात होतं.

तीन. नावं आणि गट माणसांनी केलेले असतात, आणि पुरावा मिळाला की ते बदलतात, हे मुलांना लहानपणीच कळू द्या. गुणधर्म वस्तूचे असतात, रकाना आपला असतो.

यावर एका आईने मला सरळ विचारलं, "बाई, हे परीक्षेत येणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'गटात न बसणारा घटक ओळखा' असतं, आणि उत्तर एकच धरतात. पण ज्या मुलाला आधार शोधायची सवय आहे, ते मूल चारही पर्याय कोणत्या धाग्याने बांधलेत ते आधी बघेल. ज्याने याद्या पाठ केल्यात, ते नवीन यादी आली की अडेल. म्हणजे गुणांसाठी सुद्धा हाच रस्ता बरा.

वर्गात करून बघा

खर्च काही नाही. खडू, तुरटीचा खडा, देवघरातल्या संगमरवराचा तुकडा, काळी खडी आणि गारगोटी घ्या. नखाने, मग लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो का बघा. गारगोटीने काचेच्या जुन्या बाटलीवर ओरखडा काढून दाखवा, हे मात्र शिक्षकांनी स्वतःच करायचं. बिनचकाकीच्या लादीच्या मागच्या बाजूवर दगड घासून त्याचा कस, म्हणजे भुकटीचा रंग, बघा. शेवटी प्रत्येकावर व्हिनेगरचे दोन थेंब. प्रत्येक वेळी गट नव्याने लावायला सांगा आणि ढीग कसे हलतात ते वहीत लिहून घ्या. एक पथ्य पाळा: अनोळखी दगड चाटून बघायचा नाही, आणि खेळ झाला की हात धुवायचे. कारण आर्सेनिकच्या गोष्टीवरून आता मुलांना आपोआप कळेल.

आमच्या वर्गात त्या मुलीने स्वतः तिच्या खड्यावर प्रयोग केले. नखाने काही झालं नाही, खिळ्याने ओरखडा उठला, व्हिनेगर टाकल्यावर बारीक बुडबुडे आले. शेजारच्या मुलाने आणलेल्या संगमरवरावरही तसेच बुडबुडे होते. तिने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, "बाई, हा कुणाच्यातरी घरातल्या लादीचा आहे." मग तो खडा उचलून तिने संगमरवराच्या ढिगात ठेवला. 'अपात्र' हा शब्द तिने वहीतून खोडला आणि वर लिहिलं, 'तपासला'.

तिच्या घराचा निर्णय अजून व्हायचा आहे. तो माझ्या हातात नाही. माझ्या हातात फळा आहे आणि त्यावर तीन रकाने आखणं आहे. एवढं तरी मी यापुढे विसरणार नाही. तुमच्या वर्गात आणि घरातही तो तिसरा रकाना आखून बघा, ही मनापासून विनंती.