‘बॅटरी गेली’ म्हणण्याआधी

आपल्या पिढीनं आई-वडिलांना काय काय घेऊन दिलं? आधी मोबाइल, मग भिंतीवरचा मोठा टीव्ही, मग वॉटर प्युरिफायर. आणि दोन-तीन अप्रेझलं नीट गेली की थेट गाडी! आपण पुण्यात-मुंबईत बसून हप्ते भरायचे आणि गाडी गावाकडच्या अंगणात उभी. शहाद्यात आमच्या एका गल्लीत अशा चार गाड्या आहेत. चारही चकाचक, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, डॅशबोर्डवर गणपती नाहीतर दत्त. आणि चौघींची तक्रार एकच, ‘सेल्फ घेत नाही.’

पुढचा डायलॉगही ठरलेला. ‘बॅटरी गेली असंल, नवी टाकून घ्या.’

आजचा कॉलम या एका वाक्याच्या विरोधात आहे. बॅटरी जाते, नाही असं नाही. तीन-चार वर्षं इमानेइतबारे काम करून गेली तर तिला हात जोडावेत आणि नवी आणावी. पण जी बॅटरी वर्षाच्या आत आडवी होते, तिला बहुतेक वेळा कोणीतरी मारलेलं असतं. मारणारा गाडीतच बसलेला असताना नवी बॅटरी टाकायची, म्हणजे त्याच्या तावडीत दुसरा बकरा द्यायचा. आणि या बकऱ्याचे चार-पाच हजार रुपये आपल्याच खिशातून जातात.

फंडा साधा आहे. घरात कमावणारा एक, तो अल्टरनेटर. आपल्याकडच्या गॅरेजात त्याला अजूनही ‘डायनामो’च म्हणतात. खर्चिक पाहुणा म्हणजे सेल्फ, दीड-दोन सेकंदांत शंभर-दोनशे अँपिअर खाऊन मोकळा होतो. (‘सेल्फ’ हे ‘सेल्फ-स्टार्टर’चं आपण केलेलं बारसं. त्याआधी समोरून हँडल मारावं लागायचं. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि जगाचे खांदे वाचले. आबांना मात्र अँबॅसिडरचं हँडल अजून आठवतं, आणि ते आठवणीनं हळवे वगैरे मुळीच होत नाहीत.) बॅटरी म्हणजे या दोघांच्या मधलं बचत खातं. गाडी सुरू करताना मोठी रक्कम निघते, गाडी पळताना हळूहळू परत भरली जाते.

आता आमच्या आबांचं रुटीन बघा. सकाळी गाडी काढली, एसी फुल, भाजी मार्केटपर्यंत दीड किलोमीटर, बंद. परत सेल्फ, परत दीड किलोमीटर, बंद. मग चार दिवस अंगणात. पैसे काढले दोनदा, भरले जेमतेम.

उभी गाडीही उपास करत नाही, हे तर अनेकांना माहीतच नसतं. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म असे सगळे थोडं थोडं खात असतात. पन्नास मिलिअँपिअरपर्यंतचं हे खाणं नॉर्मल समजतात. नॉर्मल! पण हिशेब करा. ०.०५ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. छोट्या गाडीतली बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे काहीही बिघाड नसलेली गाडीसुद्धा महिनाभर उभी राहिली तर बॅटरी रिकामी होऊ शकते. आपण दिवाळी करून पुण्याला परत येतो, गाडी झाकून ठेवतो आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जायचं म्हणून आबा चावी फिरवतात. मग काय होणार? (घोड्याला निदान सेल्फ लागत नाही.)

त्यात आमचं हवामान. लोकांना वाटतं थंडी बॅटरी मारते. खरं तर मारतो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा चाळिशी कधीच ओलांडून जातो, बॉनेटखाली तर त्याहून जास्त. पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर झिजतात. थंडी फक्त पंचनामा करते. डिसेंबरच्या पहाटे इंजिनाचं तेल घट्ट झालेलं असतं, सेल्फला जोर जास्त लागतो आणि बॅटरीची ताकद कमी झालेली असते. मे महिन्यात झालेली जखम अशी सात महिन्यांनी कळते.

आमच्या गाडीत चौदा महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या बसल्या. दुकानाचं नाव घेत नाही, पण दोन्ही वेळेला तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, जुनी काढली, नवी ठेवली, नट आवळले, पैसे घेतले. एवढंच. मीटर कुठेही लावला नाही. आणि दुसरी बॅटरी पाच महिन्यांची असताना, फेब्रुवारीतल्या एका रात्री अडीच वाजता आईच्या छातीत दुखायला लागलं. आबांनी चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. १०८ ला फोन लावला. पण तेवढ्यात समोरच्या नानांनी केळीची पिकअप काढली. आई पुढच्या सीटवर, आबा मागे रिकाम्या क्रेट धरून. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल निघाला, पित्त होतं. मला फोन आला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. मी बावधनला, साधारण साडेचारशे किलोमीटरवर. आणि त्या गाडीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला बिनचूक माझ्या खात्यातून जातो.

त्या वीकएंडला घरी गेलो, तर बस स्टँडकडचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन आबांनी बोलावून ठेवला होता. पोरगा माझ्यापेक्षा लहान. बॅटरीला हात न लावता आधी म्हणाला, ‘हाई मरनी नही भाऊ, उपाशी शे.’ मग चार्ज केलेल्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, वायर आणि टर्मिनल यांच्या मधे मीटर लावला, दारं बंद केली आणि चक्क चहा मागवला. कारण गाडी बंद केल्यावर तिचे सगळे कॉम्प्युटर झोपायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्याआधीचं रीडिंग खोटं. चहा झाला, आकडा स्थिरावला ०.१२ वर. मग त्यानं एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. चौथा फ्यूज निघाला आणि आकडा धाडकन खाली आला. म्युझिक सिस्टिम!

झालं होतं असं, की बाहेरून बसवलेल्या सिस्टिमच्या दोन वायरी असतात. पिवळी कायम सप्लायची, म्हणजे मेमरी टिकावी म्हणून. लाल चावीवर चालणारी. बसवणाऱ्यानं वेळ वाचवायला दोन्ही एकत्र पिळून कायमच्या सप्लायला जोडल्या होत्या. त्यामुळे चावी काढली तरी सिस्टिम अर्धवट जागीच. ०.१२ म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन अँपिअर-तास. आठवड्यात वीस. उरले पंधरा, आणि त्यात सेल्फ फिरत नाही. दोन बॅटऱ्यांचे पैसे आणि आईची ती रात्र, सगळं एका पिळलेल्या वायरीपायी. दुरुस्तीला लागली दहा मिनिटं.

तुम्हाला हे सगळं स्वतः करायची गरज नाही. पण कान आणि एक स्वस्तातला मल्टिमीटर एवढं जमलं, तर कोणी तुम्हाला सहज टोपी घालू शकणार नाही. मल्टिमीटर मल्टिप्लेक्सच्या दोन तिकिटांत येतो, आणि तो नक्कीच जास्त वेळ टिकतो.

आधी कान. फोनवर आबांना ‘गाडी काय करते?’ असं विचारू नका, ‘कसा आवाज येतो?’ विचारा. टकटकटकटक असा झरझर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे फडफडतायत, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच दणदणीत ‘टक्’, दिवे मंद होतात पण इंजिन ढिम्म, तर पुन्हा आधी बॅटरी आणि टर्मिनलं तपासायची, ती ठीक असतील तर सेल्फची मोटर. दिवे मात्र झगझगीत राहिले आणि नुसतं ‘टक्’, तर सेल्फचा सोलेनॉइड किंवा आतले कार्बन ब्रश यांच्यावर संशय. काहीच आवाज नाही, दिवे उत्तम, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये. क्लचचा स्विच, इग्निशन, चावीचा इमोबिलायझर. ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का ते बघा, हसू नका. नुसतं ‘घुर्रर्र’ होतं आणि इंजिन फिरत नाही, तर सेल्फ फिरतोय पण त्याचा दात इंजिनाच्या चाकात अडकत नाही. आणि इंजिन मस्त गरागरा फिरतंय पण पेटत नाही? मग बॅटरीचा विषयच नाही. पेट्रोल किंवा स्पार्क. अशा गाडीला नवी बॅटरी विकणाऱ्याला लांबून नमस्कार.

मग बॉनेट उघडून टर्मिनलं बघायची. त्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. त्याआधी वायर काढायची तर निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. आणि अर्थिंगची वायर विसरू नका. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी ही वायर गंजली की अख्खी गाडी भूत लागल्यासारखी वागते.

आता आकडे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर १२.६ दाखवत असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास ठणठणाट. सेल्फ मारताना दुसऱ्या कोणाला मीटर बघायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी उतरलेली तरी आहे किंवा थकलेली तरी. पूर्ण चार्ज करूनही कोसळला, तर मात्र खरोखरच नवी घ्या.

गाडी सुरू झाली की १३.८ ते १४.५ च्या मधे आकडा हवा. इंजिन चालू असताना बारा-साडेबाराच राहतो आणि घसरत जातो? कमावणारा घरी बसलाय. आधी बेल्ट बघा, सैल असेल तर किंचाळतो. नाहीतर ब्रश, डायोड, रेग्युलेटर. उलट पंधराच्या वर गेला तर बॅटरी उकळून मरेल. (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एका रीडिंगवर अल्टरनेटर बदलायला निघू नका.)

इथे एक मुद्दा जोरात सांगायचाय. ‘डायनामो चालू आहे का बघतो’ म्हणून कोणी चालू गाडीत बॅटरीची वायर काढायला लागला, तर त्याचा हात धरा. अँबॅसिडरच्या काळात ते खपून जायचं. आजच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जळू शकतो. तो कॉम्प्युटर बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो. मीटरचं काम मीटरलाच करू द्या.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा बॅटरीबद्दल नसतो, चार्जिंगबद्दल असतो. चावी फिरवली की लागला पाहिजे, गाडी सुरू झाली की विझला पाहिजे. रस्त्यात लागला तर समजा, आता गाडी फक्त बचतीवर चालतेय. दिवसा एसी, म्युझिक बंद करून जवळचं गाव गाठता येईल. पण त्यासोबत इंजिनाचं तापमान चढलं किंवा स्टिअरिंग जड झालं, तर बेल्ट तुटला असेल, तिथेच थांबा. आणि रात्री तर विचारच करू नका. आमच्याकडे गळीत हंगामात ऊस भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रात्रभर साखर कारखान्याकडे चाललेल्या असतात. कित्येकांना मागे साधा रिफ्लेक्टर नसतो. दोंडाईच्याकडून येताना आपले हेडलाइट पिवळे पडत पडत विझायला लागले, तर समोरचा ऊस दिसेल तेव्हा तो काचेत असेल. गावात, उजेडात, गाडी बाजूला घ्या. तोरणमाळला जायचं असेल तर राणीपूरच्या अलीकडेच ही सगळी तपासणी झालेली बरी. वर घाटात गॅरेज शोधायला जाऊ नका, आणि मोबाइलची रेंज असेलच असंही धरून चालू नका.

ईव्हीवाल्यांनी खूश होऊ नये. तुमच्याही गाडीत बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली तर खालची मोठी बॅटरी फुल असूनही गाडी जागी होत नाही. आणि सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या पेट्रोल गाड्यांना वेगळ्या जातीची बॅटरी लागते. स्वस्तातली साधी टाकली तर ती लवकर दम तोडते.

धक्का स्टार्ट? मॅन्युअल गाडी, दुसरा गिअर, चावी ऑन, ठीक आहे. पण बॅटरी पूर्ण शून्य असेल तर पेट्रोल पंपाला आणि कॉम्प्युटरलाही करंट मिळत नाही, मग गल्लीतल्या पोरांचा व्यायाम फुकट. ऑटोमॅटिकला धक्का मारून काहीच होत नाही.

त्यापेक्षा डिकीत जाड जंपर केबल ठेवा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्याच्या मायनसला. आणि शेवटचा काळा उतरलेल्या बॅटरीला लावायचा नाही, तिच्यापासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला. कारण शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. काढताना उलट्या क्रमानं.

आबांनी हा क्रम एका कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. शिवाय रोज सकाळी दोन मिनिटं गाडी सुरू करून बंद करायची त्यांची सवयही सोडवली, कारण तेवढ्यानं पोट भरत नाही. अर्धा-पाऊण तास सलग चालवावी लागते. म्हणून आता दर सोमवारी आई-आबा प्रकाशाला, केदारेश्वराला जातात. येताना वाटेत केळी घेतात. आमच्या घरी केळी कधीच संपलेली नसतात, तरी घेतात.