लेक, सून आणि राष्ट्रपतिपद

फ्रान्सने 2000 च्या सार्वमताने आपल्या अध्यक्षाचा कार्यकाल सात वर्षांवरून पाच वर्षांवर आणला. तेव्हापासून 2002, 2007, 2012, 2017 आणि 2022 अशा पाचही खेपेस पॅरिसची आणि नवी दिल्लीची निवडणूक एकाच वर्षी आली. तिकडे वसंतात, इकडे पावसाळ्यात. 2027 हेही त्याच क्रमातले वर्ष. साम्य येथेच संपते. तिकडचा अध्यक्ष राज्य चालवितो, आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. तरीही उमेदवार कोणत्या तराजूत तोलावेत हा प्रश्न दोन्हीकडे आहेच, आणि 2007 साली मराठी राजकारणाने तो ज्या चतुराईने टाळला त्याची उजळणी करणे आवश्यक आहे.

त्या वर्षी 2 मे रोजी निकोला सार्कोझी आणि सेगोलेन रॉयाल दूरचित्रवाणीवर दोन तासांहून अधिक काळ समोरासमोर बसले. पस्तीस तासांचा कामाचा आठवडा, अणुऊर्जा, निवृत्तिवेतन असे विषय निघाले. चारच दिवसांनी रॉयाल सुमारे 47 टक्के मते घेऊन पराभूत झाल्या. इकडे संयुक्त पुरोगामी आघाडीत आधी शिवराज पाटील यांच्या नावाची चर्चा झाली, डाव्यांनी ते अडविले, आणि 14 जूनला राजस्थानच्या तत्कालीन राज्यपाल प्रतिभा पाटील यांचे नाव जाहीर झाले. 19 जुलैला मतदान. मधल्या पाच आठवड्यांत एकही जाहीर प्रश्नोत्तरसभा नाही. होती ती नात्यांची मोजदाद. महाराष्ट्रात त्या मराठी लेक ठरल्या, तर पती देवीसिंह शेखावत यांचे मूळ सीकरचे असल्याने राजस्थानात सून. प्रतिस्पर्धी भैरोंसिंह शेखावतही सीकरचेच! शिवसेनेने मराठी राष्ट्रपतीसाठी रालोआची साथ सोडली आणि दिल्लीतील मराठी मंडळांतही आनंदाचे भरते आले. तो आनंद स्वाभाविक होता. मात्र आनंद म्हणजे निकष नव्हे.

हा निकष किती लवचिक होता, हे पाहण्यास पाच वर्षे मागे जावे लागते. 2002 मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उभे होते आणि समोर हेच शेखावत होते. शिंदे 305 विरुद्ध 454 मतांनी पडले. शिवसेना त्या वेळी वाजपेयी मंत्रिमंडळात भागीदार होती. मराठीपणासाठी रालोआच्या एकजुटीला तडा गेल्याचे तेव्हा दिसले नाही. पुढे 2012 मध्ये तिने पुन्हा आघाडीबाहेर जाऊन प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला, तेव्हा मराठीचा प्रश्नच नव्हता.

वास्तविक तोलण्याजोगे पुष्कळ होते. राष्ट्रपतीचे खरे अधिकार मोजके: विधेयक फेरविचारार्थ परत पाठविणे, दयेचे अर्ज, आणि लोकसभा त्रिशंकू झाल्यास सरकार स्थापनेचे पाचारण. पहिल्याच बाबतीत पाटील यांची नोंद उपलब्ध होती. राजस्थान विधानसभेने मंजूर केलेले धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनी 2006 मध्ये स्वाक्षरी न करता परत धाडले होते. त्याच वर्षी राष्ट्रपती कलाम यांनी लाभाच्या पदांसंबंधीचे विधेयक संसदेकडे परत पाठविले. 'रबरी शिक्का' म्हणून पाटील यांची संभावना करणाऱ्यांनी हे लक्षात घेतले नाही, आणि नवल म्हणजे समर्थकांनीही त्याचा फारसा उच्चार केला नाही. दुसऱ्या पारड्यात जळगावची त्यांच्या नावाची महिला सहकारी बँक होती, जिचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये रद्द केला होता. या प्रश्नावर समाधानकारक जाहीर चर्चा व्हावयास हवी होती. अस्मितेच्या ढोलताशांत ती बुडाली.

शेखावत यांचीही बाजू हलकी नव्हती. राजस्थानचे तीनदा मुख्यमंत्रिपद, 1977 नंतरची अंत्योदय योजना, देवराला सती प्रकरणात स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून घेतलेली भूमिका, आणि राज्यसभेचे सभापतिपद. आमच्या मते केवळ अनुभवाच्या कसोटीवर त्यांचे पारडे किंचित जड होते. विधेयक परत पाठविण्याच्या धैर्यात मात्र पाटील यांची नोंद अधिक स्पष्ट होती. पण निकाल संख्याबळाने ठरला: पाटील 6,38,116, शेखावत 3,31,306. पुढे दयेच्या अर्जांवर पाटील यांनी अनेक फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. लेक आणि सून यांच्या जल्लोषात त्या अधिकाराविषयी त्यांना कोणीही विचारले नव्हते.

दिल्लीत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसासाठी यात आणखी एक मेख आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचे मूल्य 1971 च्या लोकसंख्येवरून ठरते. त्यानुसार महाराष्ट्राच्या आमदाराचे मत 175 चे, तर दिल्लीच्या आमदाराचे 58 चे. महाराष्ट्राच्या विधानसभेचा एकूण भार 50,400, दिल्लीचा 4,060. मतदारयादीतील नाव सोलापूर वा साताऱ्याहून करोलबागेत किंवा मयूर विहारात आणले की राष्ट्रपती निवडणाऱ्या आपल्या आमदाराच्या मताचे वजन एकतृतीयांशावर येते. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हे गणित बदलणार नाही.