झाडावरची चिठ्ठी

मैत्रिणींनो,

या आठवड्याच्या टपालात लोणचं नासण्यापासून सासूबाईंच्या रुसव्यापर्यंत सगळं आहे. पण डहाणूहून आलेल्या एका पत्रानं मला थांबवलं. आमची वाचक लिहिते, ‘गल्लीच्या टोकाला जुनी चिंच आहे. मुलं तिच्याखाली खेळतात, संध्याकाळी आम्ही भाजी निवडत बसतो. परवा खोडावर नगरपरिषदेची चिठ्ठी लागली, झाड तोडायचं म्हणून. घरात बोलले, तर हे म्हणाले, चार बायकांनी जाऊन काय होणार?’

अगं, हा प्रश्न तुझ्याच गावात विचारला जावा! औष्णिक वीज केंद्र येणार म्हटल्यावर डहाणूतल्या ज्या मंडळींनी हवा-पाण्याची आणि चिकूच्या वाड्यांची काळजी वाहिली, त्यांत नर्गिस इराणी आणि किटी रुस्तम या दोघी पुढे होत्या. त्यांनाही कोणीतरी हेच म्हटलं असेल. वीज केंद्र अडवण्याचा खटला १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. पण मंडळी घरी बसली नाहीत. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना बंदी आली, आणि तालुक्याभोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यावरही बंधनं आली. शेजारच्या तलासरीलाही त्याचा आधार झाला.

कागदावरचा हुकूम अमलात येईना, म्हणून पुन्हा न्यायालय. १९९६ साली न्यायालयानं खास प्राधिकरण नेमायला लावलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा वीज केंद्राला बसवावी लागली. १९९८ मध्ये याच प्राधिकरणानं वाढवण बंदराला नकार दिला.

आता खरं तेही सांगते. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं बंदराला परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. म्हणजे राखण एकदा करून भागत नाही. डाळीचा डबा वर्षाचा भरला, तरी मधूनमधून उघडून बघावाच लागतो ना? तसंच हे.

तर तुझ्या चिंचेचं बघू. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. तोडण्याआधी झाडावर सूचना लावतात, ती लोकांना हरकत घेता यावी म्हणूनच. तेव्हा चिठ्ठी म्हणजे निकाल नव्हे. ती नीट वाच, तारीख आणि मुदत वहीत उतरवून घे. मग साधा अर्ज लिही: झाड कुठं आहे, घेर किती, सावली कोणाला मिळते. ‘फांद्या छाटून भागेल का?’ हेही विचार. गल्लीतल्या बायकांच्या सह्या घे, मुदतीच्या आत अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे. पोचेशिवाय परत येऊ नकोस. ती प्रत रेशनकार्डाजवळ जपून ठेव. आणि ज्यांना झाड नकोय त्यांच्याशी भांडू नकोस बरं का. पानगळीनं त्यांचं छप्पर तुंबत असेल, तर पावसाआधी सफाईला तुम्हीही हात लावा.

तलासरीकडच्या मैत्रिणींनी मात्र आधी घर नगरपंचायतीत येतं की ग्रामपंचायतीत, ते विचारून घ्यावं. खेड्यात नियम वेगळे आहेत.

चिंच वाचेलच असं वचन मी देत नाही. पण मुदत गप्प बसून गेली, तर उद्या मुलं विचारतील, ‘आई, तू काही बोलली नाहीस?’ त्यांना दाखवायला शिक्का मारलेला एक कागद तरी घरात असू दे.

आणि यजमानांना सांग, चार नव्हे, सुरुवातीला दोघीसुद्धा पुरतात. काय झालं ते मला नक्की कळव.